एका स्पॅनिश लेखकाची पाच पुस्तकं

सत्तरच्या दशकात मी जिंतूरच्या एका वाचनालयात नोकरीला होतो. अनुवादित पुस्तक आम्ही अनुवादकाच्याच नावावर नोंदवायचो. मूळ लेखकाची पंचाईत कोण करतो! बोरीचे एक म्हातारे गुरुजी दर शनिवारी एसटीनं यायचे. त्यांना एका स्पॅनिश लेखकाची रहस्यकथा लय आवडली होती. ‘ह्याचं दुसरं काई हाय का?’ ते दरवेळी विचारायचे. मी रजिस्टर न उघडताच ‘न्हाई’ म्हणायचो, तेही फटकन.

पुढं वार्षिक तपासणीत पुस्तकांची आतली पानं चाळली, तेव्हा त्याच लेखकाची ऐतिहासिक कादंबरी, प्रेमकथा, नाटक आणि मुलांच्या गोष्टी सापडल्या. चार अनुवादक, म्हणून चार कपाटांत. ती चारही मी बाजूला काढून ठेवली.

त्या शनिवारी गुरुजींनी तीच रहस्यकथा पुन्हा न्यायला काढली. इतक्यांदा ठासून नाही म्हटल्यावर आता हो कोणत्या तोंडानं म्हणायचं? मी शिक्का मारला.

‘एवढं एकच लिवून गेला बिचारा,’ गुरुजी हळहळले.

‘व्हय गुरुजी,’ मी म्हणालो. ती चारही पुस्तकं माझ्या पाठीमागच्या टेबलावर होती.