दहा लाख एक

तालुक्याच्या गणित स्पर्धेचा पेपर त्या वर्षी मी काढला होता. स्पर्धा आमच्याच शाळेत, नांदूरघाटला. आठवीतल्या दोन मुलींचे गुण सारखे झाले, म्हणून राखून ठेवलेला प्रश्न मी मंडपातल्या फळ्यावर लिहिला : १०,००,००१ ही मूळ संख्या आहे का?

आदल्या दिवशी दोनपासून सत्त्याण्णवपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी मी तिला भागून पाहिलं होतं. एकानंही पूर्ण भाग गेला नव्हता. खरं तर हजारापर्यंत तपासायला हवं, हे मला माहीत होतं. पण मी कंटाळले आणि उत्तरात 'आहे' लिहून मोकळी झाले.

पहिली मुलगी गावातल्या पुढाऱ्याची नात. ती म्हणाली, "आहे." दुसरीचे वडील मेंढरं राखत. वेळ संपली तरी तिची पेन्सिल चालूच होती. "आत्ताच कसं सांगू म्याडम? समदं बघून झालं न्हाई."

मी नातीला विजयी ठरवलं. बक्षीस द्यायला तिचे आजोबाच आले होते; त्यांना सगळे साहेब म्हणत.

हारतुरे चालले असताना दुसरी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"म्याडम, एकशे एकानं भाग जातोय."

"जागेवर बस."

"एकदा बघा तर."

निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर मी भागाकार मांडला. उत्तर ९९०१, बाकी शून्य. पुन्हा मांडला. पुन्हा शून्य. सत्त्याण्णवच्या पुढची पहिलीच मूळ संख्या एकशे एक. आणखी एकच भागाकार केला असता तर!

शेजारी बसलेले मुख्याध्यापक कुजबुजले, "आता काही काढू नका. साहेब उठलेत."

साहेबांनी ढाल हातात घेतली होती. मी माईकपाशी गेले. "उत्तर चुकलंय," मी म्हणाले, "आधी माझं."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे आमच्या नातीचं चुकलं म्हणा की."

मी काही बोलायच्या आत नात उठली, फळ्यापाशी गेली आणि ९९०१ ला १०१ नं गुणायला लागली. दहा लाख एक आले. तिनं हातचे परत मोजले, मग आजोबांकडं वळली. "चुकलंय, आबा. मी अंदाजानं सांगितलं हुतं."

साहेबांनी फळ्यावरचा गुणाकार वाचला. मग त्यांनी ढाल दुसरीच्या हातात दिली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पेपर काढणारानं आधी आभ्यास करावा."

बदली होईल म्हणून पुढचे दोन-तीन महिने मी टपालाची वाट धास्तीनं पाहिली. तसं काही झालं नाही. मुख्याध्यापक मात्र पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि स्पर्धेचा पेपर मला परत कुणी काढायला सांगितला नाही.