समोरच्या दारासाठी पेटी

बाइंडिंगच्या कामात आत्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. वीस वर्षं छापखान्यात पुस्तकं बांधून तिने नजर अशी कमावली होती की तिरका कापलेला पुठ्ठा तिला लांबूनच खुपायचा. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहायची. आता काम घरीच आणायची, त्यामुळे भाऊ-वहिनी बाहेर पडले की सहा वर्षांची चिमी आणि चार महिन्यांचं बाळ तिच्या गळ्यात. गळ्यात म्हणायचं आपलं. दोघांवर तिचा जीव होता.

सुट्टी लागली की ती चिमीला घेऊन पुठ्ठ्याच्या पेट्या करायला बसे. खळ लावायची, कोपरे आतून दुमडायचे, आत स्वतःची एखादी वस्तू ठेवायची आणि पेटी समोरच्या रिकाम्या घराच्या दाराशी ठेवून यायचं.

"जे द्यावंसं वाटत नाही, तेच द्यायचं," आत्या शिकवी. "आणि विसरून जायचं."

दुपारी चिमीचा डोळा लागला की आत्या पेटी गुपचूप उचलून कपाटात ठेवी. चांगल्या वस्तू उगाच वाया कशाला घालवायच्या?

यंदा ती उचलायला गेली, तर पेटी नाही. दुसऱ्या दिवशीचीही नाही. त्या घराची किल्ली मालकाने तिच्याकडेच ठेवली होती. तिने उघडून पाहिलं. फरशीवर धुळीचा थर, त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही.

तिसऱ्या दुपारी यांच्याच दाराशी एक पेटी होती. खळ अजून ओली, कोपरे आतून दुमडलेले, अगदी आत्याच्या हातचे. आत चिमीने दिलेला निळा खडू, झिजून अर्धा झालेला.

"त्यांना आवडला!" चिमी खूश झाली.

"कोणाला गं?"

"समोरच्यांना. फटीतून विचारत होते, आणखी काय आहे म्हणून."

आत्याने धाडकन दार लावलं, कडी घातली. पेट्या आजपासून बंद, असं बजावून ती बाळाचं दूध गरम करायला गेली. परत आली तर चिमी मोठा पुठ्ठा दुमडत बसलेली. पेटीच्या तळाशी मऊ दुपटं अंथरलेलं. आत्याला मोजपट्टी लावावी लागली नाही. पेटी बाळाच्या मापाची होती.

"मला बाळ मुळीच द्यायचं नाहीये, आत्या," चिमी रडत म्हणाली. "म्हणून तर!"

समोरच्या दारावर आतून टकटक झाली. हलकीच, वाट बघून कंटाळल्यासारखी.

आत्याने बाळाला छातीशी कवटाळलं. भीती होतीच, पण त्याहून जास्त तिला स्वतःची लाज वाटली. इतक्या सुट्ट्या पोरीला देणं शिकवलं आणि एकही वस्तू खरोखर जाऊ दिली नाही!

तिने कामाच्या पिशवीतून हाडाची पट्टी काढली. घड्या दाबायची, वीस वर्षांत तिच्या बोटांच्या आकाराने झिजलेली. तिला कोणी हात लावलेला आत्याला खपत नसे. ती त्या पेटीत ठेवून तिने पेटी समोर नेली.

"हे माझं," ती दाराला म्हणाली. "यापुढेही काय हवं ते माझ्याकडे मागायचं. पोरांकडे नाही."

टकटक थांबली. सकाळी पेटी गेलेली होती. कपाटातल्या जुन्या पेट्याही आत्याने गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या.

आता ती नखाने घड्या दाबते. दुपारी समोरून पुठ्ठ्यावर हाडाची पट्टी फिरल्याचा आवाज येतो, सर्र, सर्र. चिमी कान देऊन ऐकते.

"मोठी पेटी करतायत, आत्या. तुझ्याएवढी."

आत्या झोपलेल्या बाळाचं दुपटं सारखं करते. तिची ना नाही.