पिशवीतला लाल भोपळा

परवा व्हाइटफील्डच्या मेट्रोत समोरची मुलगी सुती दोऱ्याची जाळीदार पिशवी विणत होती, आणि मला शारदाअक्का आठवल्या.

तेव्हा मी पुण्याहून सर्जापूर रोडवर नवीनच आले होते. ओळखपाळख नाही, नवरा दिवसभर ऑफिसात. परत जायचं मी मनाशी पक्कं केलं होतं. शेजारच्या अक्का मूळच्या निपाणीच्या. माझं उतरलेलं तोंड बघून त्यांनी मला विणायला बसवलं. "स्वल्प सैल विण गं. घट्ट विणलीस तर पिशवी ताणणार कशी?"

मी इतकी सैल विणली, की पहिल्याच बाजारात लाल भोपळा आत घातला आणि पिशवी थेट रस्त्याला टेकली. मी ओशाळले. अक्कांनी मात्र एक बंद स्वतः धरला, दुसरा मला दिला. झोळी धरावी तशी आम्ही ती घरी आणली. गेटवरच्या वॉचमनने कन्नडमध्ये विचारलं, "बाळ झोपलंय का?"

"आत्ताच झोपलंय," अक्का ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या.

हसून हसून मी पायरीवरच बसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

तेव्हा वाटलं होतं, पिशवी वाया गेली. संध्याकाळी नवरा आला, तर पुण्याचं बोलायचं सोडून मी भोपळ्याचंच सांगत बसले. त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.