आईच्या वेणीतला झेंडू

मंडळी, सकाळपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हालाच सांगते.

आज आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस. नव्वदीतले बाबा दरवर्षीप्रमाणे झेंडूचं फूल घेऊन आले, आईच्या अंबाड्यात खोचायला. पन्नासच्या दशकात ते रोहण्याहून सिंदी मेघेला मुलगी पाहायला गेले, तेव्हा आईच्या वेणीत झेंडू होता. पोरगी आपल्यासाठी नटली, असं समजून त्यांनी जागच्या जागी होकार दिला. आमच्या घरातली ही एकमेव प्रेमकथा.

मी लाडात विचारलं, "आई, तुले झेंडू इतका काऊन आवडते वं?"

"आवडते कोणाले? तोरणाचं फूल कोणी डोक्यात घालते का? मले शिकाचं होतं. तोंडानं नाई म्हणाची सोय नव्हती. म्हटलं, हे ध्यान पाहून पाहुणेच नाई म्हणतीन."

म्हणजे आमचं अख्खं खानदान एका नकारावर उभं आहे!

बाबा फूल हातात घेऊन तसेच थांबले. फुलाकडे पाहत म्हणाले, "तवाच सांगतलं असतं त..."

"त काय?"

"त शेवंती आणली असती."

आई मान वाकवून म्हणाली, "आता आणलं हाये त लावा."

शिकायचं राहून गेलं त्याचं काय, हे मात्र बाबांनी अजून विचारलेलं नाही.

तुमच्या आईला पाहायला आले त्या दिवशी तिनं कोणतं फूल माळलं होतं? आणि का, हे कधी विचारलंय?