लायनेलच्या हातातली किल्ली

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी या खाणींच्या गावात उन्हापासून वाचायला माणसं टेकड्या पोखरून आत राहतात, आणि एकेकाची अक्कलही तशीच पोखरलेली असते, असं ग्वेंडा पास्कोचं ठाम मत होतं. दवाखान्यात स्वयंपाक करणारी ही विधवा साठी ओलांडलेली, आणि तोंडाची फटकळ. लायनेल हॅगर्टी तर पहिल्या दिवसापासून तिच्या डोक्यात गेला होता. सिडनीहून निवृत्त होऊन आलेला हा गृहस्थ प्रत्येक वाक्य 'सोप्या भाषेत सांगतो' म्हणून सुरू करायचा आणि मग कुणालाच काही कळायचं नाही.

पण टेकडीतल्या नऊ घरांत वायरी ओढून त्यानेच आपापसातलं नेटवर्क उभं केलं होतं. बाहेरचं इंटरनेट रडतखडत चालायचं, म्हणून सिनेमे, खाणींचे नकाशे, एकुलता एक प्रिंटर, सगळं लोक त्यावरच वाटून घ्यायचे. शिवाय ज्याच्या त्याच्या खासगी गोष्टींना वेगळं, पासवर्डचं कुलूप. "दोघांनी ठेवलेलं तिसऱ्याला दिसणार नाही. मलासुद्धा!" लायनेल छाती फुगवून सांगायचा.

ग्वेंडाने त्यावर विश्वास टाकला. भिंतीपलीकडे ओपल नावाची रत्नं खणणारा मिलोराद राहायचा. तो तिला सर्बियात आपल्या बहिणीकडे नेणार होता, म्हणून ती त्याची भाषा शिकत होती. वाक्यं म्हणून, रेकॉर्ड करून ती दोघांच्या फोल्डरमध्ये ठेवायची. तो ऐकून चुका सांगायचा.

रविवारी क्लबच्या अंगणात शेगडीवर मांस भाजत होतं. दोन बिअर पोटात गेल्यावर लायनेल चिमटा तोंडापुढे धरून, नाकातून, हुबेहूब ग्वेंडासारखा बोलला, "मिलोराद, तू फार छान पाव आहेस!" रेकॉर्डिंगमध्ये तिला 'लेप', म्हणजे देखणा, म्हणायचं होतं; तोंडून 'ह्लेब', म्हणजे पाव, गेलं होतं. सगळे खो खो हसले.

ग्वेंडाने ताटली खाली ठेवली. "हे तुला कुठून कळलं?"

"अगं, गंमत!"

"गंमत गेली खड्ड्यात. कुठून कळलं?"

"हे बघ, सगळ्या कुलपांची एक किल्ली माझ्याकडे असावीच लागते. सोप्या भाषेत सांगतो—"

"मी सांगते सोप्या भाषेत. तू लोकांच्या घरात डोकावतोस."

पोस्टातली थेल्मा पांढरीफटक पडली. "म्हणजे... माझे डॉक्टरचे कागद?"

"वरवर चाळले फक्त," लायनेल पुटपुटला.

मिलोरादने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घरी नेऊन, सगळ्यांसमोर, ती किल्ली पुसून टाकायला लावली. पण आठवडाही उलटला नाही तोच हीच मंडळी नव्या सिनेमांसाठी लायनेलच्याच दारात उभी. "माणूस वाईट नाही गं, जरा चौकस आहे," थेल्मा म्हणाली.

"चौकस मांजर असतं. हा दाराला कान लावणारा आहे. आणि तुम्ही त्यालाच खुर्ची देता!"

ग्वेंडाने नेटवर्क सोडलं. मिलोरादने खाणीतलं ड्रिल आणून मधल्या खडकाला आरपार भोक पाडलं. तिच्या स्वयंपाकघरात लाल धूळच धूळ झाली. भोकातून एक वायर गेली, दोघांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले. त्यांना बाहेरचं दुसरं काहीच जोडलेलं नव्हतं.

बातमी कळताच लायनेल आला. "असं उघडं ठेवणं धोक्याचं. मी कुलूप बसवून देतो."

रश्श्यात पडलेल्या माशीकडे बघावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. "दार तुझ्या मागे आहे."

तेव्हापासून क्लबात तो शेजारी बसला की ती ताटली उचलून दुसरीकडे जाते. एका शब्दाचाही मान ती त्याला देत नाही.