आधी बकेट, मग चहा

मिरजगावात माझ्या चहाच्या टपरीसमोर एक ऑपरेटर रोज जेसीबी उभा करतो. आधी बकेट जमिनीला टेकवतो, इंजिन बंद करतो, चावी खिशात घालतो आणि मगच उतरतो. तोवर चहा निवतो. मी कुरकुरलो की म्हणतो, "बकेट हवेत असली की मला घोट जात न्हाई."

परवा ऑपरेटरांची सर्टिफिकेटची परीक्षा झाली. मीही बघायला गेलो. खड्डा अर्धा झाला की परीक्षा घेणारे साहेब प्रत्येकाला मुद्दाम सहीसाठी हाक मारत. बाकीचे बकेट तशीच अधांतरी सोडून पळाले. यानं साहेबांनाही ताटकळत ठेवलं. पास तेवढा हाच झाला.

आज सर्टिफिकेट घेऊन आला. मी पेढा घेऊन धावलो, तर वरूनच म्हणाला, "थांबा मालक, बकेट टेकू द्या."

तो उतरेपर्यंत त्याच्या वाटचा पेढा मीच खाल्ला.