शेंदराखालची चीर

देवमन फिटरला घातकी ठरवायला मला अर्धा दिवसही लागला नाही. तेव्हा मी अकोल्याच्या एका कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात दिवाणजी होतो आणि माणूस बघताक्षणी ओळखतो, अशी माझी पक्की समजूत होती.

१९६१ च्या दिवाळीनंतर तो कामाला लागला. हिवरखेडचा, छप्पन साली घरदार बौद्ध झालेले, मुंबईच्या गिरणीत बारा वर्षे काढलेली. बोलणे कमी. जिनातली सगळी यंत्रे ज्या एका मोठ्या शाफ्टवर चालत, त्यावर आल्या आल्या हातोडी मारून हा कान लावून बसला.

“दिवानजी, बद्द आवाज येऊन राह्यला. इथचा शेंदूर खरवडू द्या. खाली चीर असंल.”

तो शेंदूर मी लावलेला. दर दसऱ्याला यंत्रपूजेत जवसाच्या तेलात कालवून मीच लिंपायचो. वाळला की दगडासारखा घट्ट. माझे टाळके फिरले. धर्म सोडला तो सोडला, आता आमचा शेंदूरही याला खुपतो! मी साफ नाही म्हणालो आणि त्या दिवसापासून त्याच्यावर पाळत ठेवली. तो शाफ्टजवळ जरा रेंगाळला की मी वही टाकून तिथे जाऊन उभा राहायचो.

संक्रांतीच्या आठवड्यात भर दुपारी शाफ्ट तिथेच तुटला. नशीब, कोणी मेले नाही. तुटलेले तोंड निम्मे गुळगुळीत, निम्मे फोडलेल्या खडीसाखरेसारखे रवाळ. गुळगुळीत भाग बघून मी आमच्या मालकांना, महादेवरावांना, म्हणालो, “करवतीने कापलाय. मी सांगत होतो ना!” पोलिसांत द्यायचा अर्जही मीच लिहायला घेतला.

देवमनने तुकडा रॉकेलने धुतला नि मालकांपुढे ठेवला.

“करवतीच्या रेघा सरळ असतात, मालक. ह्या पाहा, वाकड्या, एकीमागं एक. लोखंड एका दिवसात नाई तुटत. फिरता फिरता रोज केसभर फाटते. उरलं ते आज एका झटक्यात गेलं, म्हनून रवाळ. अन् हे लाल?”

चिरेच्या आत बोटाच्या पेराएवढा शेंदूर गेला होता, वाळून कडक.

“हा कवा लावला?” मालकांनी मला विचारले.

खोटे बोलायचा विचार मनात आला, लपवत नाही. “दसऱ्याला,” मी म्हणालो. “देवमन दिवाळीनंतर आला. चीर त्याच्या आधीची.”

मालकांनी अर्ज फाडला. “देवमन, उद्या नेहमीसारखा कामावर ये,” एवढेच म्हणाले. त्याने हातोडी पिशवीत टाकली. अमरावतीत काम बघतो म्हणाला. मला फार लाज वाटली. दारापर्यंत मागे गेलो, राहा म्हणालो.

“शेंदूर आत गेला म्हनून मी सुटलो, दिवानजी,” तो म्हणाला. “नसता गेला, त माझ्या बोलन्यावर कोनं इस्वास ठेवला असता? तुमी?”